कॅमेरा न नेलेली सहल

३ मार्च

ताई,

सुखरूप पोचलो, हे सगळ्यात आधी. नाहीतर तुम्ही पत्र संपेपर्यंत जीव मुठीत धरून वाचाल. फोन करणार होते, पण कारखान्यातल्या शिलाई मशीनांनी तुमचे कान खाल्ल्यापासून फोनवर मी बोंबलायचं आणि तुम्ही "काय? काय?" करायचं. दोघींचे घसे बसतात. त्यापेक्षा हे बरं.

जागा झकास आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. स्वयंपाकघराच्या खिडकीत मान तिरकी केली की समुद्राची एक पट्टी दिसते आणि त्या पट्टीचा घरमालकीणबाईंना भारी अभिमान. बाई म्हणजे एक नमुना आहे. जिथे तिथे चिठ्ठ्या चिकटवल्यात. "दार आपटू नये." "नळ उगाच सोडू नये." न्हाणीघरात तर "विचार करून पाणी वापरा" असं लिहिलंय. तुमचा भाऊ म्हणाला, आंघोळीत एवढा विचार करत बसलो तर अंग कधी धुवायचं?

महिनाभरासाठी गाडी ठरवलीय, ड्रायव्हरसकट. त्याच्या मिशा अशा आहेत की वळणावर आधी मिशा वळतात, मग गाडी. आमच्या चिमुरड्या भिंगरीनं पहिल्याच दिवशी त्याचं मिशाकाका करून टाकलं. काल दीपगृह बघितलं. हे खालीच थांबले, गाडीला टेकून. म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी खालून हात करतो." मिशाकाकांनी भिंगरीला खांद्यावर घेतलं आणि तो गोल गोल जिना चढले. मागून मी, धापा टाकत. वरून हे एवढेसे दिसत होते. भिंगरी दोन्ही हात हलवत होती, पण भलत्याच माणसाकडे बघून. मी तिची मान धरून वळवली.

आता गंमत ऐका. तुमच्या फोटोवाल्या भावानं कॅमेराच आणलेला नाही! दुकानात कुलपात ठेवून आलाय. गल्लीतल्या प्रत्येक बारशा-लग्नात पुढे पुढे करणारा माणूस आणि स्वतःच्या सहलीला हात हलवत आला. म्हणतो, भिंगरीनं डोळ्यांनी बघावं. रोज संध्याकाळी तिला पलंगावर समोर बसवतो आणि विचारतो, "बोला, आज काय काय पाहिलंत?" ती बोटांवर मोजत सांगते. ही सहल तिच्या लक्षात राहिलीच पाहिजे, असं त्यानं डोक्यात घेतलंय.

आणि हो, तुम्ही त्याचा शर्ट शिवताय ना, त्याला चौदाची कॉलर लावा. सोळाची नको. हल्ली घट्टच घालतात म्हणे.

तुमची,
वहिनी

९ मार्च

वहिनीबाई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मशीनवरच वाचलं आणि एकटीच फिदीफिदी हसले. बाजूची काज-बटणवाली म्हणाली, "कोणाचं प्रेमपत्र?" म्हटलं, या वयात भावजयीचं आलं तेच खूप.

पण मला एक सांग, तुम्हा दोघांची अक्कल काय चरायला गेलीय? साडेतीन वर्षांची पोर! तिला काय डोंबल आठवणार आहे? दीपगृह काय नि मालकीणबाईंचं न्हाणीघर काय, तिला सारखंच. अजून चार वर्षं थांबला असता तर तिला कळलं तरी असतं. आत्ता हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि एवढं करून कॅमेरा नाही! माझ्या बुटक्या भावाला माझ्या वतीनं एक चापट दे. हा कायम कॅमेऱ्यामागे, तुमच्या लग्नाचाही एक फोटो नाही घरात. त्याच्या उस्तादानं काढला नि रोलला उजेड लागला, आणि हा वर सगळ्यांना हसत सांगत फिरतो. निदान पोरीचे तरी काढायचे.

मिशाकाका आवडले. बुटक्याला बघ म्हणावं, मिशा अशा असतात. त्याला कधी धड आल्याच नाहीत. कॉलेजात होता तेव्हा आरशासमोर उभा राहून रोज तेल चोळायचा नि मी विचारायचे, "काय रे, उगवलं का काही?"

आता कॉलर. हे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. मी आयुष्यभर कॉलरी लावत आलेय. तुमच्या लग्नापासून त्याची सोळाची लावते. माणसाचं पोट कमी होतं, दंड कमी होतात, पण मान इतकी उतरत नाही. निदान फॅशननं तरी नाही.

दीपगृहाखाली तो गाडीला टेकून का उभा राहिला? माझ्या पाठीवर बसून टेकडी चढायचा हट्ट करणारा मुलगा तो, आणि मोठा झाल्यावर माझ्या आधी वर पोचायचा. काय लपवताय माझ्यापासून?

ताई

१४ मार्च

ताई,

तुमच्यापासून काही लपत नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्यानं शपथ घातली होती. पण आज तुमचं पत्र त्यानंच माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाला, "कॉलरवरनं पकडलं ना तिनं! सांगून टाक."

पोटात गाठ आहे. पसरलीय. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनी एकच सांगितलं. हे वर्ष निघणार नाही. औषधं दिलीत ती दुखू नये म्हणून, बरं व्हावं म्हणून नाहीत. धाकट्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "जे करायचं राहिलंय ते आत्ता करून घ्या." घरी आल्यावर मी विचारलं, काय राहिलंय? मला वाटलं दुकानाचं काहीतरी म्हणेल. म्हणाला, "भिंगरीला मी आठवलो पाहिजे. बाकी काही नाही."

म्हणून ही सहल. घरात रोज तेच ते असतं, त्यातलं काही राहत नाही, पण समुद्र, दीपगृह, मोठा मासा असं काही पाहिलं तर ते राहतं आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूसही राहतो, असा त्याचा हिशोब. तुम्ही लिहिलंत ना, तिला काय डोंबल आठवणार आहे? ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमच्यावर राग नाही. मीही तेच म्हणाले असते.

पण ताई, शेजारी उभा राहणार कसा? सकाळी निघताना ठीक असतो, तिथे पोचेपर्यंत घामाघूम होतो. मग सीट मागे करून, टोपी डोळ्यांवर ओढून पडतो. मत्स्यालयात गेलो तर काचेच्या बोगद्यापर्यंत आला आणि बाकावर बसला. भिंगरीला उचलून मोठा मासा दाखवला मिशाकाकांनी. तिला उचलायला त्याला डॉक्टरांनी मनाई केलीय आणि ती तर "उचल, उचल" करत सगळ्यांच्या पायांना लोंबकळते. मी तिला सारखी म्हणते, बाबांना झोपू दे, बाबांना उठवायचं नाही. आता ती गाडीजवळ आली की आपणहून ओठांवर बोट ठेवते.

मिशाकाका भला माणूस आहे. काही विचारत नाही.

वहिनी

१६ मार्च

ताई,

रडून झालं असेल तर वाच. नसेल तर आधी उरक.

तू लगेच निघून येशील म्हणून हे लिहितोय. येऊ नकोस. आम्ही घरी परतलो की ये, हवं तितकं रड, मीही साथ देईन. पण इथे नको. तू आलीस की रडशील आणि भिंगरीच्या डोक्यात समुद्राच्या जागी तुझं नाक राहील. मोठं आहे, राहायचं ते.

कॅमेऱ्यावरून तू मला शिव्या घातल्यास. आपले बाबा गेले तेव्हा मी भिंगरीएवढा होतो. घरात त्यांचा एकच फोटो. खुर्चीच्या पाठीवर हात, अंगात काळा कोट, मोठा साहेब असल्यासारखे. लहानपणी मी सगळ्यांना सांगायचो, माझे बाबा काळा कोट घालायचे. मग मी धंद्यात पडलो आणि उस्तादाच्या स्टुडिओत खुंटीवर तस्साच कोट पाहिला. येईल त्याला घालायचा आणि मोठा झाला तर पाठीमागून चाप लावून आवळायचा. माझ्या दुकानातही आहे एक. म्हणजे बाबांच्या अंगात परका कोट होता आणि मला तेवढाच आठवतो. मी खूप खणून बघितलं. त्यांचा हात, आवाज, ओरडणं, काहीच हाती लागत नाही. डोळे मिटले की कोट.

मी हजारो फोटो काढलेत, म्हणून सांगतो. फोटो आधी आठवणीच्या शेजारी बसतो, मग हळूच तिला ढकलून तिच्या जागी बसतो. भिंगरीच्या बाबतीत मला ते नको. आणि आत्ता माझा फोटो काढायचा म्हणजे कोणाचा काढायचा? आरशात बघतो तर कोणी म्हातारा दिसतो. तो तिच्या भिंतीवर लागायला नको. तिला मी आठवलो तर मी आठवावा, नाहीतर राहिलं.

रोज संध्याकाळी तिची परीक्षा घेतो. काल तिनं मत्स्यालय सांगितलं, मासा हसला असंही सांगितलं. माझा आवाज तिच्या कानात भरून ठेवतोय. एवढंच माझ्या हातात आहे.

शर्ट पाठव. चौदाचीच कॉलर.

बुटक्या

२२ मार्च

वहिनीबाई,

हे पत्र त्याला दाखवू नकोस. वाचून झालं की फाडून टाक.

रडणं झालं. कारखान्यात झालं, घरी झालं, पोस्टात शर्टाचं पार्सल करताना झालं. पोस्टातल्या बाईनं मला खुर्ची दिली. आता डोकं जाग्यावर आहे, तर ऐक.

त्याचं ऐकू नकोस. एक फोटो काढ. एकच. कुठूनही कॅमेरा पैदा कर, त्याला न सांगता काढ, पण काढ.

तो म्हणतो परका कोट. अगं, पण कोटाच्या वर तोंड होतं ना! ते आमच्या बाबांचंच होतं. बाबा गेले तेव्हा मी मोठी होते, मला सगळं आठवतं, मला फोटोची गरज नव्हती. पण हा "बाबा कुठे" करून भोकाड पसरायचा तेव्हा मी त्याच्यापुढे काय धरत होते? तोच फोटो. तो बघून तो गप्प व्हायचा, अंगठा तोंडात घालून झोपायचा. हे त्याला आठवत नाही, मला आठवतं. तो फोटो नसता तर माझ्यापाशी त्याला द्यायला काय होतं? मी स्वतः शाळकरी पोर.

उद्या भिंगरी विचारेल. विचारणारच. तेव्हा तू काय दाखवशील? दीपगृह? तो तिच्या आठवणीत राहायचं बघतोय आणि मला विचारशील तर ते व्हायचं नाही. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या डोक्यात कोणी राहत नाही गं. तू तरी शहाणी हो. म्हातारा दिसतो तर दिसू दे. काहीच नसण्यापेक्षा म्हातारा बरा.

रोल मला पाठव. मी इथे धुवून घेते. दुकानात दिलास तर त्याला वास लागेल.

ताई

३० मार्च

ताई,

काढला. पण कसा काढला ते ऐका, म्हणजे तुम्हीच कपाळावर हात माराल.

मालकीणबाईंकडे त्यांच्या मुलाचा जुना कॅमेरा होता. त्यांना खरं सांगितलं. बाईंनी कपाटातून काढून दिला, कॅमेऱ्यालाही चिठ्ठी चिकटवलेली होती. "रोल संपत आला आहे." एकच फोटो उरला होता. नवा रोल आणायला गेले असते तर हे "कुठे निघालीस" म्हणाले असते.

काल धबधब्यावर गेलो. सकाळी हा इतका बरा होता ताई, की मला वाटलं डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल. तुमचा शर्ट घातला. कॉलर चोख बसली. गाडीत गाणी म्हटली, तीही बेसूर. म्हटलं, आजच. कठड्याजवळ तिघांना उभं करायचं, हा मधे, भिंगरी त्याचा हात धरून आणि मिशाकाका असू देत बाजूला. कॅमेरा मी शालीखाली धरला होता. हा गाडीतून उतरला, काही पावलं आला आणि वाकला. पोट धरून उभाच राहिला. मग माझ्याकडे बघून हसला आणि वळून परत गाडीत जाऊन पडला.

मी थांबले, ताई. खूप थांबले. वाटलं येईल. उन्हं उतरायला लागली, धबधब्यावरची माणसं पांगली. भिंगरी मिशाकाकांच्या खांद्यावर बसून खिदळत होती, तुषार झेलत होती. मागे गाडी होती, काचेआड हा होता. चौघांतले तिघं तरी एका जागी होते. एवढी वर्षं फोटोवाल्याशी संसार केला, पण कॅमेऱ्याचं बटण कधी दाबलं नव्हतं. मिशाकाकांना वाटलं फोटो त्यांचाच काढतेय, त्यांनी मिशा सारख्या केल्या. मी बटण दाबलं.

संध्याकाळी परीक्षा झाली. "बोला, काय काय पाहिलंत?" भिंगरी म्हणाली, "पाणी पडलं. मिशाकाकांनी मला ढगात धरलं." यांनी विचारलं, "आणि बाबा?" ती म्हणाली, "बाबा गाडीत गाई." हे खूप हसले. मग न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून किती वेळ आतच बसले. समोर चिठ्ठी असूनही.

रोल सोबत आहे. परवा आम्ही निघतोय. त्याला आता घरी जायचंय.

वहिनी

८ एप्रिल

वहिनीबाई,

फोटो आला. बाकीचे सगळे मालकीणबाईंच्या मांजराचे आहेत.

आमच्या नाक्यावरचा फोटोवाला म्हणाला, मोठा करून देतो, चांगला निघालाय. चांगलाच निघालाय. भिंगरी तर अशी हसतेय की बघणाऱ्यालाही हसू यावं. तिचे हात त्या माणसाच्या केसांत आहेत, त्यानं तिचे पाय घट्ट धरलेत, मिशा अगदी केस न केस मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. पाणी मागे पांढरं. उजवीकडे गाडी आहे. काचेत झाडाचं प्रतिबिंब पडलंय, त्यातून टोपी दिसते आणि टोपीखाली हनुवटी. तोंड उघडं पडलंय झोपेत. आणि माझी कॉलर दिसते. ती मी हजारांत ओळखेन.

तरी आहे तो. निदान आहे. मी बोट ठेवून बघितलं, अख्खा माझ्या नखाखाली मावला.

शनिवारी निघते. आता मला अडवू नका.

ताई

२ जुलै

ताई,

तुम्ही परत गेलात आणि घर एकदम मोठं झालं.

तुम्ही होतात तोवर मी काही बोलले नाही, आता लिहिते. इस्पितळात लहान मुलांना वर सोडत नाहीत, त्यामुळे शेवटी शेवटी भिंगरी खालच्या बाकड्यावर शेजारणीजवळ असायची. मी वर गेले की हा पहिलं विचारायचा, "आज काय पाहिलं तिनं?" मी सांगायचे, कुत्रा पाहिला, पाळणा पाहिला. तो म्हणायचा, "माझं काही काढते का?" मी म्हणायचे, सारखं. ते खोटं होतं. ती मिशाकाकांचं काढायची, गाडी कधी येणार, ढगात कधी धरणार. मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. फोटोचंही नाही.

शेवटच्या दिवशी म्हणाला, "तिला रोज विचारत जा. विसरू देऊ नकोस." मी विचारते. समुद्र सांगते, मासा सांगते. पण दर वेळी एखादी गोष्ट गळते, ताई. परवा दीपगृह गळलं. मला भीती वाटते. तुम्ही म्हणाला होतात तो फोटो पाठवा. आता कोणाची मनाई नाही.

वहिनी

११ जुलै

वहिनीबाई,

चौकट करून पाठवतेय. मधे पुठ्ठा घातलाय, जपून उघड.

तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नकोस, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव. तिच्या पलंगाशी. रोज झोपताना तिला दाखव नि सांग, हे बाबा. बोट ठेवून सांग. बाकी देव जाणे.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

तुमच्या बुटक्याला जाऊन चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत मी तुम्हाला फक्त बरं बरं तेवढंच लिहीत आले. दुकान चालवते, आता बटण नीट दाबता येतं. कोट अजून खुंटीवर आहे. भिंगरी शाळेत हुशार आहे. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आज माहीत नसलेलं लिहितेय.

तुम्ही सांगितलंत तसं पहिलं वर्षभर मी रोज बोट ठेवून सांगितलं. मग दुकानातून यायला उशीर व्हायला लागला. मग वाटलं, फोटो समोरच आहे, ती बघतेच आहे. बघत होतीच. रोज झोपताना त्याला पापा द्यायची, मला वाटायचं काम झालं.

परवा शाळेत बाईंनी वडिलांचं चित्र काढायला सांगितलं. ज्यांचे नाहीत त्यांनी आठवेल ते काढा म्हणाल्या. हिचं चित्र फळ्याशेजारी लावलंय. मी बघायला गेले. मोठ्या मिशांचा माणूस, त्याच्या खांद्यावर मुलगी, मागे पाणी. बाई म्हणाल्या, "किती आठवण आहे हो वडिलांची! सगळं सांगते. बाबा गोल जिना चढून वर न्यायचे, मोठा मासा दाखवायचे, ढगात धरायचे." चित्रात कोपऱ्यात गाडी होती, गाडीत एक टोपी. बाईंनी विचारलं, "हे कोण गं?" भिंगरी म्हणाली, "ते आजोबा. ते सारखे झोपायचे. त्यांना उठवायचं नसतं."

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं आणि खरं सांगितलं. चौकट खाली काढली, तिचं बोट धरून काचेवर ठेवलं. म्हटलं, हे ड्रायव्हरकाका, बाबा हे बघ, इथे. ती वाकून वाकून बघत राहिली. म्हणाली, "हे तर म्हातारे आहेत." मी त्याच्या लायसन्सवरचा फोटो काढून दाखवला, नखाएवढा, डोळ्यांवर शिक्का पडलेला. म्हणाली, "हे कोण?" मग रडायला लागली, ताई. हट्टानं नाही, घाबरून. "माझे बाबा मला उचलायचे. हे उचलायचेच नाहीत. तू माझे बाबा बदलू नकोस." चौकट छातीशी धरून पलंगाखाली जाऊन बसली. जेवायला येईना.

मी खाली बसले, तिला बाहेर काढायला हात पुढे केला आणि बघते तर तिनं फोटोवरच्या त्या गाडीवर तळहात ठेवला होता, झाकून. मला तिथे काय झालं सांगता येत नाही. हा एवढं करून मेला, दुखत असताना गाडीतून फिरला, रोज परीक्षा घेतल्या, आणि तिच्यापाशी त्याचं काही उरलं नाही. जे उरलंय ते सगळं त्याचंच आहे, दीपगृह, मासा, धबधबा, त्यानंच नेलं होतं. फक्त तो नाही.

मी म्हटलं, "बरं बाई. तेच बाबा. ये, जेव." ती लगेच बाहेर आली. जेवताना म्हणाली, "आई, बाबांच्या मिशा टोचायच्या ना?" मी म्हटलं, हो.

आता तिनं डोक्यात घेतलंय की सुट्टीत आत्या आली की आत्याला विचारायचं. आत्यानं बाबांना लहानाचं मोठं केलं, आत्याला सगळं माहीत असेल. तुम्ही काय सांगाल ते सांगा. मी तुम्हाला गळ घालत नाही. माझ्याच्यानं पुन्हा तिला पलंगाखालून काढवणार नाही, एवढंच.

वहिनी

२७ नोव्हेंबर

वहिनीबाई,

तुझं पत्र आल्या दिवसापासून ब्लाउजच्या खिशात घेऊन फिरतेय. काल दोन कॉलरी उलट्या लावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझरनं त्या उसवायला बाजूला ठेवल्या.

तुझ्यावर राग नाही. फोटो मीच काढायला लावला. तो नको म्हणत होता.

त्याला कोट आठवायचा. तिला मिशा आठवतात. मी मधल्या मधे दोघांचे बाप बघितलेली एकटीच उरलेय, आणि मी गेले की तेही संपलं. मग त्या गाडीत कोण झोपलंय ते सांगायला तू एकटी, आणि तू तर हो म्हणून बसलीस. बरोबर केलंस. मीही काही वेगळं करणार नव्हते. पोर जेवली ना?

त्याची ती कॉलेजातली गोष्ट सांगितली की मला अजून हसू यायचं, मिशा याव्यात म्हणून ते तेल चोळणं, ते आरशासमोर उभं राहणं. आता ती गोष्ट मी कोणाला सांगणार नाही. तूही विसर.

सुट्टीत येते. तोवर भिंगरीला सांग, आत्या म्हणते, हो गं, टोचायच्या. फार टोचायच्या.

ताई